माल बांधण्याआधी मालाखाली बघ

चि. संदीपस,


ताईचा फोन आला. गाडी ताब्यात आली, पासिंग झालं आणि शिरोलीहून चाकणला कास्टिंग आणि मशिनरीची लाइन लागतेय, हे ऐकून फार बरं वाटलं. स्वतःच्या गाडीवर स्वतः बसणारा आपल्या घरातला तू पहिलाच. पण बोलता बोलता ताई म्हणाली की तू पाच टनाचे चार रॅचेट बेल्ट घेतलेस आणि म्हणालास, ‘दोन टनाच्या मशीनला एक बेल्ट पुरतो, दुसरा मनाच्या समाधानाला.’ त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितोय. फोनवर सांगितलं असतं, पण यात आकडे आहेत आणि ते तुझ्याजवळ कागदावर राहिलेले बरे.

आधी तो पाच टनाचा आकडा बघू. बेल्टच्या टोकाशी एक चिठ्ठी शिवलेली असते. ती निळी असेल तर पट्टा पॉलिएस्टरचा, हिरवी असेल तर नायलॉनचा आणि तपकिरी असेल तर पॉलिप्रॉपिलीनचा, असं युरोपचं ईएन १२१९५-२ हे मानक सांगतं. चांगले कारखाने त्याच पद्धतीची चिठ्ठी लावतात. तिच्यावर एलसी म्हणून जो आकडा असतो, तो पट्ट्यानं कामात किती ओढ सहन करावी याचा. पन्नास मिलिमीटर रुंदीच्या नेहमीच्या बेल्टवर तो सरळ एका पदराला २५०० डेकान्यूटन असतो. एक डेकान्यूटन म्हणजे जवळपास एक किलोचा भार असं धर. दुकानदार जे ‘पाच टन’ म्हणतो, ते एक तर तुटण्याचा आकडा असतो किंवा वेढा घालून दोन्ही पदर मिळून धरलेला. म्हणजे तुझा पाच टनाचा बेल्ट कामाला अडीच टनाचाच आहे.

तरीही तू म्हणशील, अडीच टन म्हणजे दोन टनापेक्षा जास्तच की. इथंच सगळे फसतात. बेल्ट मालावरून टाकून दोन्ही बाजूंना आवळला, की तो माल पुढून अडवत नाही. तो मालाला खाली दाबतो. माल थांबतो तो त्याचं बूड आणि हौद्याचा तळ यांच्यातल्या घर्षणामुळं. आणि दाब किती पडणार हे एलसीवर ठरत नाही, ते चिठ्ठीवरच्या दुसऱ्या आकड्यावर ठरतं. त्याला एसटीएफ म्हणतात. मुठीवर हातानं पन्नास किलोचा जोर दिला तर पट्ट्यात किती ताण उरतो, हे तो आकडा सांगतो. साध्या आखूड मुठीच्या रॅचेटला तो तीनशेच्या आसपास असतो. अडीच हजार सोसणारा पट्टा तू प्रत्यक्षात तीनशेनंच ताणलेला असतोस.

आता हिशेब कर. जोराचा ब्रेक लागला की एसटीत उभा माणूस पुढं फेकला जातो, तसाच माल पुढं जायला बघतो. बांधणी करताना पुढच्या बाजूला मालाच्या वजनाच्या ०.८ पट रेटा धरायचा, बाजूंना आणि मागं ०.५ पट. लाकडी पेटीत भरलेलं दोन टनाचं मशीन घे. पुढचा रेटा झाला १६०० किलो. लाकडाचं बूड आणि लोखंडी तळ यांच्यात घर्षण ०.४ धरलं तर ८०० किलो पेटीच्या स्वतःच्या वजनानंच अडले. उरलेले ८०० बेल्टनं अडवायचे. एक बेल्ट दोन्ही बाजूंनी मिळून दाब देतो ६०० आणि त्याचे ०.४ म्हणजे २४०. बांधणीच्या हिशेबात पुढच्या दिशेला सव्वापट राखीव ठेवायची, म्हणजे ८००चे १००० झाले. १०००ला २४०नं भागलं की चारच्या वर जातं. म्हणजे पाच बेल्ट. एक नाही, दोन नाही, पाच. आणि तेसुद्धा पट्टा पेटीच्या कडेवरून जवळपास सरळ खाली उतरत असेल तर. पेटी बुटकी आणि हौदा रुंद असेल, तर पट्टा आडवा पडतो. तळाशी त्याचा कोन तीस अंशांचा झाला की दाब निम्मा होतो आणि बेल्ट दुप्पट लागतात.

आता त्याच पेटीखाली माल घसरू न देणारी रबरी मॅट घाल. घर्षण ०.६ होतं. पेटी आपल्या वजनानं १२०० किलो अडवते, उरतात ४००, सव्वापटीनं ५००. एक बेल्ट आता ३६० देतो. दोन बेल्टमध्ये काम झालं. मॅटच्या चार तुकड्यांनी तीन बेल्टचं काम केलं. मॅट कोपऱ्यांखाली अशी ठेव की पेटीचं सगळं वजन मॅटवरच यावं, एकही कड लोखंडाला टेकता कामा नये.

उलट बाजूचाही हिशेब बघ, कारण तुझ्या लाइनवर तोच जास्त येणार. कास्टिंग भरलेली लोखंडी बिनं, खाली लोखंडी चेकर प्लेट, त्यावर मशीन शॉपमधलं थोडं तेल. घर्षण ०.२ धर. त्याच दोन टनाला नुसत्या वरच्या दाबानं धरायचं म्हटलं तर तेरा बेल्ट लागतात. तेरा बेल्ट कोणी लावत नाही आणि लावूही नयेत. तिथं बेल्टवर विसंबायचंच नाही. बिनं थेट हौद्याच्या पुढच्या भिंतीला भिडवून लाव, भिंतीपर्यंत पोचत नसतील तर मधल्या जागेत लाकडी ओंडके घट्ट बसव, बाजूंच्या फटी भर आणि खाली मॅट घाल. मग बेल्ट. आणि भरण्याआधी हौदा झाडून घे. वाळू, कास्टिंगची भुकटी, तेलाचे डाग असले तर ०.४चा आकडा कागदावरच राहतो. माल कितीही घाईचा असो, झाडूला पाच मिनिटं दे.

उंच, अरुंद मालाची गोष्ट वेगळी. वजन मध्यावर असेल आणि उंची पायाच्या रुंदीच्या दुपटीवर गेली, तर बाजूच्या रेट्यानं तो घसरण्याऐवजी कलंडू शकतो. त्याला वरच्या भागातून चारी कोपऱ्यांकडं तिरपे बेल्ट लागतात. मशीन उघडं असेल तर बेल्ट फक्त बेडवरून किंवा उचलण्यासाठी दिलेल्या आयबोल्टमधून घे. लीड स्क्रू, हँडव्हील, कंट्रोल पॅनेल यांच्यावरून पट्टा गेला तर मशीन पोचेल, पण पार्टी ते उतरवून घेणार नाही.

आणखी बेल्ट घेशील तेव्हा पॉलिएस्टरचेच घे. नायलॉन जास्त ताणला जातो आणि भिजला की सैल पडतो. आपल्याकडच्या पावसात ते परवडत नाही. चिठ्ठी नसलेला बेल्ट घेऊच नको, किंमत कितीही कमी असो. शक्य असेल तर लांब मुठीचं, खाली ओढून आवळायचं रॅचेट घे. तेवढ्याच जोरात ते पाचशेच्या आसपास ताण देतं. महाग पडतं, पण वरचा हिशेब तूच तीनशेऐवजी पाचशे घालून कर.

हुक कुठं अडकवायचा हा प्रश्न मला बेल्टपेक्षा मोठा वाटतो. आपल्याकडच्या बॉडीला बाहेरून बारीक सळईच्या कड्या जोडलेल्या असतात. त्या ताडपत्रीच्या दोरीसाठी आहेत. अडीच हजारांचा बेल्ट त्या कडीत अडकवला तर आधी कडीच सुटणार. फाळक्याच्या कोयंड्यात, साइडच्या फळीच्या पत्र्यात हुक घालू नको. तळाखालच्या आडव्या चॅनेलला बोल्टनं बसवलेल्या जाड कड्या बॉडी बिल्डरकडून करून घे, दोन्ही बाजूंना समोरासमोर. चासीवर आपल्या मनानं वेल्डिंग मात्र करू देऊ नको.

आवळण्याची पद्धत तुला येत असेल, तरी लिहितो. पट्टा मालावरून टाकलास की दोन्ही बाजूंनी फिरून बघ, कुठं पीळ पडलाय का. मूठ उघडून पट्ट्याचं टोक रॅचेटच्या दांड्याच्या फटीतून काढ आणि हातानं ओढता येईल तेवढं सगळं ओढून घे. मगच मूठ मार. दांड्यावर दोन वेढे बसले पाहिजेत. दीडपेक्षा कमी झाले तर पट्टा निसटतो, तीनपेक्षा जास्त झाले तर दांड्यावर गठ्ठा होतो, ताण नीट बसत नाही आणि सोडताना अडकतं. तीन वेढे होऊनही सैल वाटत असेल तर सोडून पुन्हा ओढून घे. शेवटी मूठ पूर्ण आडवी पाडून खटका बसलेला ऐक. मुठीत पाइप घालून कोणी जोर लावत असेल तर लावू देऊ नको, त्यानं दात झिजतात आणि दांडा वाकतो. बेल्ट तीन-चार असतील तर रॅचेट एकाआड एक डावीकडं आणि उजवीकडं ठेव. मालाच्या कडांवर घासून ताण पलीकडच्या बाजूला कमी पोचतो, सगळी रॅचेट एकाच बाजूला असली की माल दुसरीकडं हलका राहतो.

आपल्या मालाच्या कडा फार वाईट असतात. कास्टिंगची पाती, बिनाच्या अँगलची धार. पट्टा त्यावर रस्ताभर थरथरत घासतो. प्रत्येक कडेवर प्लास्टिकचा किंवा जाड रबराचा कोपरा हवा. त्यानं पट्टा वाचतो आणि ताणही पलीकडं सरकतो. आडवी चीर पट्ट्याच्या रुंदीच्या दहाव्या हिश्शापर्यंत गेली, शिवण उसवली, पट्टा वितळून कडक झाला किंवा चिठ्ठी वाचता येईना, की तो बेल्ट कापून टाक. नुसता बाजूला ठेवलास तर घाईच्या दिवशी कोणीतरी तोच उचलेल. तुटलेल्या पट्ट्याला गाठ मारून वापरायचा नाही, गाठीशी ताकद निम्म्याच्या आसपास येते. साखळी आणि बेल्ट एकाच दिशेला एकत्र लावायचे नाहीत. साखळी ताणली जात नाही, पट्टा ताणला जातो, त्यामुळं सगळा भार साखळीवर जातो आणि पट्टा दिसायला तेवढा राहतो.

दोरीला मी कमी लेखत नाही. गुळाचे रवे, साखरेची पोती हौद्यात अंगाला अंग लावून भरली की दोरी आणि ताडपत्री पुरतात, आणि जुन्या क्लीनरांच्या गाठी बघण्यासारख्या असत. पण सुटा, जड, गुळगुळीत बुडाचा माल दोरीनं धरता येत नाही. ताडपत्री पावसासाठी आहे, तिच्या दोरीला बांधणीत धरू नको. आणि माल हौद्याबाहेर येऊ देऊ नको. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर बाहेर आलेल्या मालाला २०,००० रुपये दंड आहे, शिवाय तो उतरवण्याचा खर्च वेगळा.

आता रस्ता. नवीन बांधलेला माल पहिल्या काही किलोमीटरांत बसतो, पेटीच्या फळ्या दबतात, पट्टा थोडा लांबतो. म्हणून पेठ नाक्याला एकदा उतर आणि प्रत्येक पट्ट्यावर हात ठेवून बघ. नंतर सुरूरला, खंबाटकी लागायच्या आधी. जुन्या बोगद्यातून गेलास तर बाहेर पडताच उतार आणि ते एस वळण, आधी एका बाजूला रेटा आणि लगेच दुसऱ्या बाजूला. वळणावर वेग दुप्पट केला तर बाजूचा रेटा चौपट होतो, हे कायम डोक्यात ठेव. त्या वळणावर मी एक सहाचाकी आडवी झालेली पाहिली आहे. बिनं एका बाजूच्या फळीत शिरली होती आणि बेल्ट अख्खे होते. एकही तुटला नव्हता. बिनं त्यांच्या खालून सरकून गेली होती.

तिसरी तपासणी खेड शिवापूरला. पुढं कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. २०२२च्या नोव्हेंबरात तिथं एका अवजड गाडीनं अनेक गाड्यांना धडक दिली. तिथं कधी, कोणामुळं करकचून ब्रेक मारावा लागेल सांगता येत नाही, आणि त्या वेळी तुझ्या पाठीशी दोन टन लोखंड असतं. वेगानं येऊन आदळलेलं लोखंड अडवायला केबिनची भिंत केलेली नाही. म्हणून मी पुढच्या बाजूच्या ०.८वर एवढा अडून बसतो.

चाकणला माल उतरवताना रॅचेट सोडण्याआधी गाडीभोवती एक फेरी मार. रस्त्यात माल कलला असेल तर तो बेल्टवरच टेकलेला असतो, आणि खटका उघडला की उघडणाऱ्याच्या अंगावर येतो. कललेला दिसला तर आधी फोर्कलिफ्ट टेकव, मग सोड. सोडताना त्या बाजूला माथाडी उभे नाहीत ना ते बघ. काम झालं की पट्टे साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळव. उन्हात पडलेला पट्टा कमजोर होतो. रॅचेटच्या सांध्याला तेलाचा थेंब दे, पट्ट्याला लागू देऊ नको.

शिरोलीत लोडिंगवाले घाई करतील, ‘एवढं काय बांधायचं, पोचलंच की’ म्हणतील. त्यांच्याशी वाद घालू नको, पण बांधून होईपर्यंत गाडी हलवू नको. भाड्याचं बोलणं करतानाच अर्धा तास बांधणीचा सांगून ठेव. एखादी पार्टी त्यावरून दुसरी गाडी घेईल, घेऊ दे.

मॅट आणि कोपरे लगेच घे, तेवढे पैसे मी देतो. कड्यांचं काम पहिल्या फेरीच्या आधी करून घे. बॉडी बिल्डरकडं जायच्या आधी फोन कर, जागा दाखवायला मी येतो. दाजींना नमस्कार, ताईला सांग काळजी करू नको.

तुझा,
वसंतमामा