आधी भिंत बघ, मग मशीन

आयटीआय झालं, हातात पाना-पक्कड आली, आता तू लोकांच्या घरी जाशील. गेल्या गेल्या पिशवी उघडू नकोस. आधी खोलीत उभा राहा, एसीला हात न लावता आवाज ऐक, आणि जमत असेल तर खाली उतरून त्याच भिंतीकडे बाहेरून बघ. विंडो एसीमध्ये कूलिंग कॉइल, कंडेन्सर, कॉम्प्रेसर, पंखा सगळं एकाच पेटीत असतं. गॅसच्या नळ्या कारखान्यातच झाळून बंद केलेल्या असतात, त्यात आपलं काही काम नसतं. आपल्या हातात येतात त्या चार गोष्टी: भिंतीतलं भोक, हवेची वाट, पाण्याची वाट आणि मळ. बहुतेक तक्रारी या चारांतूनच निघतात. बिलं मात्र गॅसची फाडली जातात.

हल्ली सगळे स्प्लिट घेतात, पण दादर-गिरगावच्या जुन्या घरांत, दवाखान्यांत, छोट्या ऑफिसांत खिडकी अडवायला नको म्हणून भिंतीतच चौकट करून बसवलेले एसी अजून भरपूर आहेत. आखातात गेलास तर तेच दिसतील. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कितीतरी पोरं तिथे हेच काम करतात. तेव्हा हे काम जुनं झालं असं समजू नकोस.

भोकापासून सुरुवात करतो, कारण एकदा चुकलं की ते चुकलेलंच राहतं. मशीन घरात आल्याशिवाय गवंड्याला छिन्नी लावू देऊ नकोस. दीड टनाची पेटी साधारण 26 इंच रुंद आणि 17 इंच उंच असते, पण कंपनीगणिक अर्धा-एक इंच इकडेतिकडे होतो, आणि चौकटीची जाडी त्यात वेगळी धरावी लागते. कॉलम, बीम यांना हात लावायचा नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणो, "थोडंसंच तर कापायचंय." विटांची भिंत असली तरी ती भार घेणारी आहे का, हे इंजिनिअरला विचार, आणि सोसायटीची लेखी परवानगी गिऱ्हाइकालाच आणायला सांग. जुन्या इमारतीत विजेच्या नळ्या आणि पाण्याचे पाईप भिंतीतून कुठेही गेलेले असतात. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भोक घेऊच नकोस.

कापायचा क्रम लक्षात ठेव. आधी दोन्ही बाजूंनी कटरने आखणी कर. मग वरची पट्टी फोडून लिंटेल बसव, दोन्हीकडे निदान सहा इंच विटेवर टेकलेलं. ते पक्कं झालं की खालचं भोक. घाईतला गवंडी आधी मधोमध ठोकतो आणि वरच्या विटा सुटायला लागल्या की खाली लाकूड लावत बसतो. दीड टनाचं मशीन पन्नास-साठ किलोचं. ते नुसत्या गिलाव्यावर टेकून चालत नाही. चौकट सागाची, होल्डफास्ट लावून पक्की केलेली हवी. प्लायची चौकट दोन पावसाळ्यांत फुगते आणि मशीन एका बाजूला कलतं. बाहेरून लोखंडी अँगलचा आधार, त्यावर रबराचे तुकडे. रबर नसलं की रात्री सगळी भिंत गुणगुणते आणि गिऱ्हाईक म्हणतं कॉम्प्रेसर खराब आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पेटीच्या मागच्या अर्ध्या भागात दोन्ही कडांना आणि वरती फटी असतात. मागचा पंखा त्या फटींतून बाहेरची हवा ओढतो आणि कंडेन्सरमधून मागे फेकतो. या फटी भिंतीच्या बाहेर राहिल्या पाहिजेत. नऊ इंचाच्या भिंतीत ते जमतं. मशीन खोलीत थोडं पुढे आलं तर येऊ दे, दिसायला बरं दिसावं म्हणून आत ढकलू नकोस. दगडी भिंत असेल, दीड-दोन फुटांची, तर फटी आतच गाडल्या जातात. मग मशीनची गत नाक दाबून जिना चढायला लावलेल्या माणसासारखी होते: अँपिअर वाढतात, कॉम्प्रेसर तापून स्वतःहून बंद पडतो, अर्ध्या तासाने पुन्हा चालू होतो. अशा ठिकाणी भोक बाहेरच्या बाजूला तिन्हीकडून पसरट कापावं लागतं. ते शक्य नसेल तर सरळ सांग, "इथे स्प्लिट घ्या." एक काम गेलं तरी चालेल.

अमेरिकेत खास भिंतीसाठी बनवलेली मशीन मिळतात. त्यांना कडेच्या फटीच नसतात, हवा मागूनच आत येते आणि मागूनच बाहेर जाते. भिंतीत आधी लोखंडी पेटी कायमची बसवतात आणि मशीन त्यात सरकवतात. तिथला कोणी पाहुणा म्हणाला की "आमच्याकडे तर पूर्ण भिंतीत जातो," तर तो खोटं बोलत नाही. त्याचं मशीन वेगळं आहे.

दुसरी मुंबईकर सवय म्हणजे बंद केलेली गॅलरी. एसीचं तोंड बेडरूममध्ये आणि पाठ काचा लावलेल्या गॅलरीत. तिथली गरम हवा तिथेच फिरते आणि मशीन स्वतःचीच उष्णता पुन्हा ओढतं. काचा उघड्या ठेवायला सांग, नाहीतर जागा बदल. मागच्या बाजूला मोकळी जागा हवी, आणि पश्चिमेचं ऊन पडत असेल तर वर छज्जा हवा, पण मशीनला चिकटून नव्हे. कबुतरांसाठी बारीक जाळी लावायचा हट्ट सगळे करतात. बारीक जाळी सहा महिन्यांत धुळीने बुजते. मोठ्या भोकांची जाळी लाव, तीही मशीनपासून लांब, आणि कडेच्या मोकळ्या जागांत कबुतरांना बसायला फळी उरणार नाही असं बघ.

उतार बाहेरच्या बाजूला, अर्धा ते एक सेंटीमीटर, एवढाच. आडव्या दिशेने मात्र पाणसळ बरोबर मध्ये आली पाहिजे. "पाणी पटकन जाऊ दे" म्हणून काही जण मशीन चांगलंच कलवतात. त्यात तोटा आहे. मागच्या पंख्याला एक कडं असतं. ते तळाच्या पाण्यात बुडतं आणि पाणी उडवून गरम कंडेन्सरवर मारतं. त्याने कंडेन्सर थंड होतो, वीज वाचते. छपछप आवाज येतो तो याचाच. पावसाळ्यात तक्रार आली की तळाला ड्रिलने भोक पाडून आवाज बंद करणारे मेकॅनिक आहेत. तू पाडू नकोस. मूळच्या भोकातूनच ड्रेनचा पाईप घे. आपल्या दमट हवेत पाणी एवढं होतं की जास्तीचं बाहेर काढावंच लागतं. पाईप खाली उतरत जाऊ दे, मध्ये झोल नको, आणि त्याचं टोक खालच्या मजल्याच्या पत्र्यावर सोडू नकोस. रात्रभर टपटप झाली की सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुझं नाव निघतं. चौकटीभोवतीची फट आतून फोमच्या पट्टीने आणि बाहेरून पक्क्या सीलंटने बंद कर. त्या फटीतून पाऊस येतो, उंदीर येतो, आणि पाल आत शिरून सर्किटवर जळाली की गिऱ्हाइकाला तीनेक हजारांचा खड्डा.

विजेचं थोडक्यात सांगतो, हे तुला शिकवलेलंच आहे. दीड टनाचं मशीन चालताना सात-आठ अँपिअर घेतं, सुरू होताना त्याच्या कित्येक पट. बोर्डापासून वेगळी लाईन, 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, 20 अँपिअरचा सी टाइप एमसीबी, आणि खरं अर्थिंग. एक्स्टेंशन बोर्डवर एसी दिसला तर सर्व्हिसिंग राहू दे, आधी तेवढं बोल. अर्धा तास चालवल्यावर प्लगला हात लाव. गरम लागला तर आत पिन सैल आहे. पेटी उघडायची तर स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. आणि प्लग काढला तरी कपॅसिटर भरलेला असतो. टेस्ट लॅम्प लावून तो रिकामा केल्याशिवाय आत हात घालायचा नाही. बंद करून लगेच चालू करू नये, मध्ये तीन मिनिटं जाऊ द्यावीत, हे घरच्यांनाही सांग. नळ्यांतला दाब सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो.

सर्व्हिसिंगला गेलास की आधी सतरंजी नाहीतर जुनी चादर अंथर. ग्रिल काढ, फिल्टर काढ, मशीन बाहेर ओढ, पण एकट्याने नाही. धरायचं ते तळाच्या पत्र्याला. कॉइलला किंवा नळ्यांना धरून ओढलंस तर झाळलेला सांधा सुटला म्हणून समज. मोटर आणि कपॅसिटरवर प्लास्टिक बांध.

आता बाहेरून कंडेन्सर बघशील, स्वच्छ दिसेल. फसू नकोस. हवा आतून बाहेर जाते, म्हणून मळाची गादी पंख्याकडच्या, आतल्या अंगाला बसते. वरचा पत्रा काढल्याशिवाय ती दिसतच नाही. कित्येक जण मागून दोन फवारे मारून पैसे घेऊन जातात आणि गादी तशीच राहते. पत्रा काढ, पाणी बाहेरच्या अंगाने आत मार म्हणजे मळ आल्या वाटेने निघेल, मग तळ पूर्ण खळखळून काढ. जेट पंपाचा झोत सरळ समोरून, तिरका नाही; अॅल्युमिनियमच्या पात्या कागदासारख्या पातळ, तिरक्या झोताने आडव्या होतात. झाल्याच तर फिन कंगव्याने उभ्या कर. कूलिंग कॉइलला मऊ ब्रश, वरून खाली. अॅसिड वापरायचंच नाही. ते पटकन चकाचक करतं आणि वर्षा-दोन वर्षांत कॉइलला बारीक छिद्रं पाडतं. वरळी, अलिबाग, रत्नागिरी, जिथे खारा वारा, तिथे पात्या तशाही भुगा होतात. तिथल्या गिऱ्हाइकाला वर्षातून एकदा नव्हे, दोनदा गोड्या पाण्याने धुवायला लाव.

ब्लोअर विसरू नकोस. त्याच्या पात्यांत मळ भरला की मशीन थंड असून वारा लांब जात नाही. त्याच्या भोवतीचं थर्मोकोलचं आवरण तुटू देऊ नकोस, मग तो भाग सहज मिळत नाही. थर्मोस्टॅटचा बल्ब कॉइलच्या पुढे हवेत, आपल्या क्लिपवर परत लाव. तो कॉइलला चिकटला तर मशीन खोली गार होण्याआधीच बंद पडेल. सगळं वाळलं की आधी फक्त पंखा पंधरा-वीस मिनिटं, मग कूलिंग. बाजूची व्हेंटची कळ बंद आहे ना, तेही बघ. ती उघडी राहून खोली गार होत नाही अशी तक्रार मी फार वेळा पाहिली आहे.

आता गॅस. "दरवर्षी गॅस भरावा लागतो" हे गिऱ्हाइकाच्या डोक्यात आपल्याच धंद्यातल्या लोकांनी भरवलं आहे. गॅस जळत नाही, झिजत नाही. कमी झाला तर तो कुठूनतरी गळला आहे, आणि गळती न शोधता भरला तर पुन्हा गळेल. विंडो एसीला स्प्लिटसारखे व्हॉल्व्ह नसतात, बंद केलेली एक नळी असते. नुसतं "प्रेशर बघतो" म्हणून ती फोडलीस की कारखान्याचं सील गेलं. म्हणून गेज सगळ्यात शेवटी. आधी क्लॅम्प मीटरने अँपिअर बघ. थर्मामीटरने फिल्टरकडे शिरणारी आणि ग्रिलमधून निघणारी हवा मोज. आठ ते बारा अंशांचा फरक असेल तर गॅस ठीक आहे, दोष दुसरीकडे शोध. संपूर्ण कॉइलवर बर्फ असेल तर हवा अडली आहे, फिल्टर धू. कॉइलच्या सुरुवातीलाच थोडा बर्फ आणि बाकी कोरडी असेल तर मात्र गॅस कमी असण्याची शंका घे, आणि तेलाचा डाग कुठे आहे ते शोध. तेल जिथे, गळती तिथे. मग नायट्रोजन, साबणाचं पाणी, झाळकाम, व्हॅक्यूम, आणि शेवटी पेटीवरच्या लेबलावर लिहिला आहे तेवढाच गॅस, वजन करून. जुन्या आर-22 च्या मशीनमध्ये आर-32 भरणारे महाभाग आहेत. आर-32 चा दाब खूप जास्त असतो आणि तो पेटूही शकतो. त्याच्या नळ्यांवर झाळायचं तर आधी सगळा गॅस काढून, नायट्रोजन सोडून, खिडक्या उघडून.

गिऱ्हाइकाला फिल्टर काढायला आणि धुवायला शिकव: नळाखाली, घासणी न लावता, सावलीत वाळवून, उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी. 24 वर ठेवा म्हणून सांग. 2020 पासून स्टार लेबलचे एसी सुरू करताना 24 वरच येतात. धुतलेलं काळं पाणी बादलीत राहू दे, घरच्यांना दाखव, मग पैसे माग.

आणि आपल्या सगळ्या जुन्या घरांना फोन करायचे ते जानेवारी-फेब्रुवारीत. तेव्हा तुझ्याकडे वेळ असतो आणि मशीन बंद असतं. एप्रिल उजाडला की एका दिवसात आठ घरं येतात आणि वरचा पत्रा काढायला कोणालाच सवड नसते.