शिंपल्यांची भुकटी व आंबट जमीन

मिरकरवाड्यात तिसऱ्या शिजल्यावर उरलेले शिंपले उकिरड्यावर जातात. ते धुऊन, वाळवून कुटावेत. ग्रामसेवकाने दोन पेल्यांत सारखीच भुकटी घेऊन एकात निव्वळ लिंबूरस व दुसऱ्यात नऊपट पाणी मिसळलेला रस त्याच मापाने ओतावा. पहिल्यात सरसरून फेस येतो. दुसऱ्यात बुडबुडे रेंगाळत उठतात. आम्लाचे कण दाट असले की ते चुन्याच्या कणांवर अधिक वेळा आदळतात, म्हणून क्रिया जलद होते.

रत्नागिरीच्या जांभ्या जमिनीतील आम्ल याहूनही पुष्कळच विरळ, आणि ते खर्ची पडेल तसतशी क्रिया आणखी मंदावते. आठ दिवसांत गुण आला नाही म्हणून भुकटी वाया गेली असे समजू नये. मातीपरीक्षणात आम्लता आढळल्यास वस्त्रगाळ भुकटी पेरणीच्या बऱ्याच आधी मातीत मिसळावी. ओल मात्र हवी.