गुलाबी फीत पाहून खरेदी करावी का?

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये अनेक वस्तूंवर स्तनाच्या कर्करोगाची गुलाबी फीत दिसते. ती पाहून वस्तू घ्यावी का?

उत्तर : नुसती फीत पाहून घेऊ नका. किती रक्कम, कोणत्या संस्थेला आणि कुठल्या मर्यादेपर्यंत जाणार, हे वेष्टनावर नसेल तर कंपनीला विचारा. वस्तूत काय आहे, तेही बघा. अमेरिकेत योप्ले दह्याची झाकणं धुऊन टपालानं पाठवली, की झाकणामागे १० सेंट देणगी जाई. त्याच दह्यात मात्र कृत्रिम संप्रेरक टोचलेल्या गायींचं दूध असे! या संप्रेरकाचा कर्करोगाशी संबंध असू शकतो, असं म्हणत कार्यकर्त्यांनी धारेवर धरल्यावर, २००९मध्ये, कंपनीनं असं दूध वापरणं थांबवायचं जाहीर केलं. अशी फीत ही कंपनीची जाहिरातही असू शकते; म्हणूनच आपल्याकडे जाहिरातीच्या फायद्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व कंपनी कायद्यातल्या नफ्याच्या २ टक्के सामाजिक खर्चात धरता येत नाही. मदतच करायची असेल, तर टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयाला थेट पैसे द्या. पावतीही तुमच्याच नावाची मिळेल.