रिकामा पाळणा व घरांतील माणसें

(कौटुंबिक उपासनेसाठीं अभ्यासपाठ)

शास्त्रवाचन : २ शमुवेल १२ : १५-२४, ईयोब २ : ११-१३, योहान ९ : १-३.



ज्या घरांतून तान्हें मूल उचललें जातें, त्या घरीं आपली मंडळी पहिल्या दिवशीं अवश्य जाते. दफनविधि होतो, प्रार्थना होते, शेजारणी दोन वेळां भाकरी पोंचवितात. पंधरा दिवसांनीं मात्र सगळे आपापल्या कामास लागतात, आणि त्या घरचें लांबचें दुःख तेथूनच सुरू होतें. आजचा पाठ पंधरा दिवसांनंतरच्या त्या घराविषयीं आहे. विशेषेंकरून, ज्या घरचें मूल जन्मतःच सदोष हृदय घेऊन आलें व त्यामुळें गेलें, अशा घराविषयीं. कारण अशा घरीं शोकाबरोबर एक प्रश्नहि येऊन बसतो : दोष कोणाचा? हा प्रश्न वेळींच घराबाहेर काढला नाहीं, तर मुलामागून तो संसारहि नेतो.

एका घरची हकीकत

आमच्या ओळखीच्या एका खेड्यांत नवरा-बायको, सासूबाई, सहा वर्षांची मुलगी व सात महिन्यांचा मुलगा असें कुटुंब होतें. मूल दूध पितांना दमे. पितां पितां त्याच्या कपाळावर घाम येई. रडूं लागलें म्हणजे ओठ निळे पडत. जिल्ह्याच्या ठिकाणीं नेल्यावर डॉक्टरांनीं सांगितलें कीं, हृदयाच्या मधल्या पडद्यास भोंक आहे व फुप्फुसांकडे रक्त नेणारी वाट अरुंद आहे. शस्त्रक्रियेचा दिवस ठरला; परंतु तो उजाडण्यापूर्वींच एका पहाटे मूल आईच्या मांडीवर गेलें.

दफनानंतर तिसऱ्या दिवशीं बापानें आढ्याचा पाळणा सोडून माळ्यावर ठेवून दिला. आई पाणी घेऊन आली, तिनें वर पाहिलें, आणि त्या दिवसापासून ती नवऱ्याशीं बोलेनाशी झाली. ह्या माणसाला मूल विसरण्याची घाई झाली आहे, असें तिच्या मनानें घेतलें. सासूबाई एकदां बोलून गेल्या, "ग्रहणाच्या दिवशीं विळी धरूं नको म्हणून मी कानीं कपाळीं ओरडत होतें." त्यांचेंहि काळीज जळत होतें, पण शब्द सुनेच्या वर्मीं लागला. महिन्याभरांत ती मुलीला घेऊन माहेरीं गेली, व परत येण्याचें नांव घेईना.

आम्हीं स्वतः त्या घरीं गेलों होतों, आणि तेथें आमचीहि चूक झाली. ईयोबाचें प्रसिद्ध वचन म्हटलें, प्रार्थना केली, व पाव घटकेंत उठलों. त्या बाईला आमच्या येण्याचा कांहींएक उपयोग झाला नाहीं. उपयोग झाला तो मंडळींतील एका वृद्ध मावशींचा. त्यांचेंहि एक लेंकरूं चाळीस वर्षांपूर्वीं गेलें होतें. त्या माहेरीं जाऊन दिवसभर तिच्याजवळ भाजी निवडीत बसल्या, मुलाचें नांव घेऊन तो कसा हंसत असे तें विचारलें, व परत आल्यावर नवऱ्यास म्हणाल्या, "अरे, तिची समजूत घालायला जाऊं नकोस. तिच्याजवळ बसून रडायला जा." रात्रीं पिकाची राखण करतांना तो शेतांत एकटाच रडत असे, हें मावशींवांचून कोणास ठाऊक नव्हतें.

तो गेला. म्हणाला, "अगं, पाळणा मीं काढला तो मलाच बघवेना म्हणून." ती म्हणाली, "अहो, मग तें त्याच दिवशीं कां नाहीं सांगितलेंत?" एवढेंच बोलणें झालें. पुढच्या आठवड्यांत ती घरीं आली. दुःख संपलें नाहीं. परंतु तें आतां दोघांचें झालें. आपणांस ह्या पाठांत शिकावयाचें आहे तें हेंच.

१. दोष कोणाचा?

प्रथम विद्येनें जें निश्चित केलें आहे तें पाहूं. जिवंत जन्मलेल्या दर शंभर बाळांत सुमारें एकाच्या हृदयाची घडण जन्मतः सदोष असते. कोणताहि देश, जात वा धर्म ह्यांतून सुटलेला नाहीं. गर्भाचें हृदय तिसऱ्या आठवड्याच्या शेवटीं शेवटीं हालूं लागतें, आणि त्याचे चार कप्पे, मधले पडदे व झडपा हीं आठव्या आठवड्याच्या सुमारास घडून जातात. म्हणजे आपणांस दिवस गेले आहेत हें आईला नीट उमजतें न उमजतें तोंच ही घडण बहुतेक होऊन चुकलेली असते. पुढें तिनें विळी धरली, ग्रहण पाहिलें, घागर उचलली, किंवा कोणाची दृष्ट लागली, ह्यांपैकीं कशानेंहि हृदयास भोंक पडत नाहीं.

कांहीं कारणें ठाऊक झालीं आहेत. १९४१ सालीं ऑस्ट्रेलियांतील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग ह्यांनीं दाखविलें कीं, गरोदरपणाच्या आरंभीं आईस रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, झाला असतां मुलाच्या डोळ्यांत मोतीबिंदु होतो व पुष्कळांच्या हृदयांतहि दोष राहतो. आईचा न आवरलेला मधुमेह, कांहीं विशिष्ट औषधें, जन्मतः असलेले कांहीं बीजदोष, जवळच्या रक्तांतील सोयरीक, हींहि कारणें आहेत. तथापि बहुतेक मुलांच्या बाबतींत कोणतेंहि एक कारण हातीं लागत नाहीं. आणि जेथें लागतें, तेथेंहि कारण व अपराध हे दोन निराळे शब्द आहेत हें विसरूं नये. आईला ताप आला हें कारण असूं शकेल. तो तिचा अपराध कसा होईल?

आंधळ्या जन्मलेल्या मनुष्यास पाहून शिष्यांनीं प्रभूला हाच प्रश्न केला होता : पाप कोणाचें, ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें? प्रभूनें दोन्ही बाजू नाकारल्या. कोणी म्हणेल, दावीदाचें मूल तर बापाच्या पापामुळें गेलें ना? होय, परंतु तो एका विशिष्ट कृत्याविषयीं संदेष्ट्याच्या मुखानें झालेला निवाडा होता. प्रत्येक पाळण्यास लावावयाचा तो नियम नव्हे, आणि आपणांपैकीं कोणीहि नाथान नाहीं. ज्यास देवानें पाठविलें नाहीं त्यानें शोकाकुल घरीं जाऊन पाप शोधूं नये.

दुसरा एक कांटा आईबाप स्वतःच स्वतःस टोंचीत राहतात : मोठ्या शहरीं नेलें असतें तर? बाल्टिमोर येथील एक गोष्ट त्यांनीं ध्यानांत घ्यावी. १९४४ सालीं नोव्हेंबरच्या २९ तारखेस तेथील जॉन्स हॉपकिन्स इस्पितळांत निळ्या पडणाऱ्या बाळांवरील पहिली प्रसिद्ध शस्त्रक्रिया झाली. कल्पना डॉ. हेलन टॉसिग ह्या बालवैद्य बाईंची. ती रीत प्रयोगशाळेंत बसविली व्हिव्हियन थॉमस ह्या कृष्णवर्णी साहाय्यकानें. आणि शस्त्र चालविलें डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक ह्यांनीं. ती मुलगी सव्वा वर्षाची होती. तिला पुष्कळ आराम पडला; तरी पुढच्या वर्षीं ती वारली. त्या वेळीं जगांत जे अत्यंत कुशल हात होते त्यांच्या हातांत असूनहि ती गेली. त्याच रीतीनें मागून हजारों मुलें वांचलीं, हें खरें. परंतु तुम्हीं त्या वेळीं जें जाणत होतां व जें करूं शकत होतां तें केलें असेल, तर आज जें जाणतां त्याच्या मापानें कालच्या स्वतःस दोषी ठरवूं नका.

२. दोघांचें दुःख एकसारखें दिसत नाहीं

दावीदाची गोष्ट पुन्हां वाचा. मूल आजारी असतांना तो भुईवर पडून राहिला व अन्नास शिवला नाहीं. सातव्या दिवशीं मूल गेल्यावर उठला, न्हाला व जेवला. चाकरांस तें विपरीत वाटलें. पण आपण त्या मुलाकडे जाऊं, ही आशा त्याच्या उत्तरांत आहे. पुढें चोविसाव्या वचनांत एक लहानसें वाक्य आहे, तें आपण बहुधा वाचून सोडून देतों : दावीदानें बथशेबेचें सांत्वन केलें. तोंवर तिच्या शोकाविषयीं एक अक्षरहि नाहीं. ज्याचें रडणें सर्वांनीं पाहिलें त्यानें, जिचें रडणें कोणीं लिहिलें नाहीं तिच्याकडे जावें, असा तो धडा आहे.

आपल्या घरांत पुष्कळ वेळां हें उलट असतें. आई उघड रडते. बाप नांगर धरतो, दवाखान्याचें कर्ज फेडतो, पाहुण्यांस चहा देतो, आणि त्याला कोणी कसा आहेस म्हणून विचारीत नाहीं. तिला तो कठोर वाटतो, त्याला ती न सावरणारी वाटते. वास्तविक ओझें एकच असून दोघांनीं तें निरनिराळ्या खांद्यावर घेतलेलें असतें. म्हणून नवऱ्यानें व बायकोनें दिवसांतून एकदां तरी मुलाचें नांव एकमेकांपुढें घ्यावें. मुलाचीं अंगडीं, टोपडीं, पाळणा ह्यांचें काय करावयाचें तें दोघांनीं मिळून ठरवावें. आणि ठरविण्याची घाई कोणींहि करूं नये.

३. मागें राहिलेलीं मुलें

वर सांगितलेल्या घरची मुलगी माहेरीं आजोळीं रात्रीं झोंपत नसे. कित्येक दिवसांनीं तिनें आजीला विचारलें, "मला पडसें होतें तेव्हां मीं बाळाचा मुका घेतला, म्हणून तो मेला का?" मोठ्या माणसांस वाटतें कीं लहानांस कांहीं कळत नाहीं. त्यांस कळतें, परंतु अर्धें. आणि उरलेलें अर्धें तीं भयानें भरून काढितात. म्हणून त्यांस साध्या शब्दांत खरें सांगावें : बाळाचें हृदय पोटांत असतांनाच नीट घडलें नव्हतें, तुझ्यामुळें कांहीं झालें नाहीं. बाळ झोंपीं गेलें, असें सांगूं नये. पुष्कळ लेंकरें त्या शब्दामुळें झोंपेलाच भितात. गेलेल्या भावाचें नांव घेण्यास त्यांस मोकळीक असावी. कोणीं विचारलें तर, "आम्ही दोघें भावंडें, एक देवाजवळ आहे," असें त्यांनीं म्हटल्यास त्यांस गप्प करूं नये.

४. मंडळीनें काय करावें?

ईयोबाच्या मित्रांनीं पुढें पुष्कळ चुका केल्या. परंतु आरंभीं एक गोष्ट उत्तम केली. सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ भुईवर बसले व एक शब्दहि बोलले नाहींत. तोंड उघडल्यावर ते बिघडले. "दुसरें होईल," "त्याचे हाल तरी चुकले," "असा एवढा शोक करूं नये," हीं वाक्यें आपण घरींच ठेवून जावीं. दुसरें मूल पहिल्याच्या जागीं येत नसतें. पंधरा दिवसांनंतर जावें, तीन महिन्यांनंतर जावें, व मुलाच्या जन्मदिवशीं अवश्य जावें. घरच्या कामास हात लावावा. मुलाचें नांव घेण्यास भिऊं नये. तें नांव दुसऱ्याच्या तोंडून ऐकणें आईला गोड लागतें. आणि कोणी सुनेला पांढऱ्या पायाची म्हणत असेल, तर पंचांनीं व वडील स्त्रियांनीं तेथल्या तेथें तें तोंड बंद करावें. हें मंडळीचें कर्तव्य आहे.

५. पुढील मुलाविषयीं

जिवंत मुलांची काळजी घेणें म्हणजे गेलेल्यास विसरणें नव्हे. एक मूल सदोष हृदयाचें झालें असतां पुढच्या मुलास धोका थोडा वाढतो. बहुतेक प्रकारांत तो शंभरांत सुमारें दोन ते पांच इतका असतो. म्हणजे पंचाण्णव वा त्याहून अधिक मुलें निर्दोष हृदयाचीं जन्मतात. पुन्हां दिवस गेल्यास आरंभींच डॉक्टरांस मागची हकीकत सांगावी. अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यांत ध्वनिलहरींच्या यंत्रानें गर्भाचें हृदय पाहतां येतें, व दोष आढळल्यास प्रसूति कोठें करावी हें आधींच ठरवितां येतें.

ज्या तान्ह्या मुलास दूध पितांना दम लागतो व घाम सुटतो, ज्याचा श्वास नेहमीं जलद चालतो, वजन वाढत नाहीं, छातीचा विकार वारंवार होतो, किंवा ओठ व जीभ निळी पडते, त्यास विलंब न लावितां डॉक्टरांस दाखवावें. २०१३ सालीं आपल्या महाराष्ट्रांतील पालघर येथें सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अंगणवाडीच्या मुलांची वर्षांतून दोनदां व शाळेच्या मुलांची एकदां तपासणी ठरलेली आहे, आणि तींत हृदयदोषहि पाहिले जातात. त्या दिवशीं मूल घरीं ठेवूं नये. पुष्कळ दोष आज वेळींच सांपडल्यास दुरुस्त होतात.

घरीं विचार करण्यासाठीं प्रश्न

(१) आपल्या घरांत गेलेल्या मुलाचें नांव घेतलें जातें काय? नसेल, तर कोणाच्या भीतीनें?
(२) आपल्या शोकाकुल जोडीदारास शेवटचें कधीं विचारलें कीं, तुझें मन आज कसें आहे?
(३) आपल्या तोंडून कोणा आईस दोष लागेल असा शब्द गेला आहे काय? तो परत घेण्यास आज कोणाच्या दारीं जावें लागेल?
(४) गेल्या वर्षांत आपल्या मंडळींतील कोणतें मूल गेलें? त्या घरीं ह्या आठवड्यांत कोण जाईल?

प्रार्थनेचा विषय : ज्या घरांतील पाळणा रिकामा झाला आहे, त्या घरीं कोणीहि एकटें रडूं नये.