सायकल घेतेस ना? मग आधी हे ऐक

अगं, गिअरची सायकल घ्यायची असं तू ठरवलंस, हे ऐकून मनापासून बरं वाटलं. पण तू पाठवलेली सुट्या भागांची ती लांबलचक यादी वाचली आणि म्हटलं, पैसे मोजण्याआधी तुझ्याशी नीट बोलावं. पुण्यात बसून यादी करणं वेगळं आणि गोंडपिपरीत सायकल सांभाळणं वेगळं. पुण्यात भाग मोडला की दोन गल्ल्या सोडून दुकान असतं. आपल्याला चंद्रपूर गाठावं लागतं, तिथे नाही मिळाला तर नागपूर. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: जो भाग आपल्या चिखलात, आपल्या उन्हात आणि आपल्या मिस्त्रीच्या हाताखाली टिकेल, तोच तुझा. बाकी कितीही चकचकीत असो, नको.

आपला मुलूख तुला ठाऊकच आहे. एका अंगाला वर्धा, दुसऱ्या अंगाला वैनगंगा, मध्ये काळी माती, मुरमाचे रस्ते, पांदण आणि सागवानाचं जंगल. मोठे घाट नाहीत. पण जुलैत पांदणीतली माती चाकाला अशी धरते की चाक फिरत नाही, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. संगमनेरची प्रणिता सोमण माउंटन बाइकच्या स्पर्धांत देशपातळीवर जिंकली. तिचं नाव घेऊन तू तिच्यासारखीच सायकल मागतेस, हे मला कळतं. तिची जिद्द जरूर घे. सायकल मात्र आपल्या वाटेप्रमाणे निवड.

सगळ्यात आधी माप. शाळेत सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची सायकल मिळते तेव्हा माप कोणी विचारत नाही, मिळाली यातच आनंद असतो. आता तू स्वतःच्या पैशांनी घेते आहेस, तर माप विचारच. तुझ्या पाच फूट दोन इंच उंचीला साधारण पंधरा इंची फ्रेम बसते. दुकानात सायकलचा दांडा दोन पायांच्या मध्ये घेऊन, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभी राहा. दांडा आणि तुझ्यात दोन इंच तरी जागा उरली पाहिजे. मग सीटवर बस आणि ब्रेकचा दांडा दोन बोटांत सहज येतो का ते बघ. खांदे ताणावे लागत असतील तर ती सायकल तुझी नाही, दुकानदार काहीही म्हणो.

मग चाक. माउंटन बाइकला २६, २७.५ आणि २९ इंच अशी तीन मापं आहेत. तुझ्या उंचीला २७.५ छान. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. टायरच्या कडेला बारीक अक्षरात तीन आकडी संख्या असते: २६ ला ५५९, २७.५ ला ५८४, २९ ला ६२२. ते रिमचं मिलिमीटरमधलं खरं माप. आपल्याकडच्या जुन्या धाटणीच्या सायकलींनाही २६ चं टायर येतं, पण २६ गुणिले एक तीन अष्टमांश असं लिहिलेल्या टायरचं माप ५९० असतं. ते माउंटन बाइकच्या रिमवर बसणारच नाही. म्हणून दुकानात इंच सांगू नकोस, ही तीन आकडी संख्या सांग. आणि दोन ट्यूब कायम घरात ठेव, कारण ५८४ ची ट्यूब आपल्या बाजारात हमखास मिळेल याचा भरवसा नाही.

टायर २.१ इंच रुंदीचं घे. त्याचे दात एकमेकांपासून लांब असावेत, म्हणजे काळी माती झडते. टायर आणि चिमट्याच्या मध्ये बोट जाईल एवढी जागा हवी, नाहीतर पावसाळ्यात तिथेच चिखल गच्च बसतो. हवेसाठी मोटारसायकलला असतो तसाच जाड व्हॉल्व्ह माग. बारीक व्हॉल्व्हला आपल्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर बसत नाही. तुझ्या वजनाला ट्यूबसकट तीसच्या आसपास पीएसआय हवा पुरे. त्याहून फार कमी ठेवलीस तर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते आणि तिला दोन भोकं पडतात. बाभळीच्या काट्यासाठी ट्यूबमध्ये पंक्चर भरणारं द्रव घाल. इथे त्याच्याइतका उपयोगी खर्च दुसरा नाही.

ब्रेकवर मात्र तू हट्ट धरून बसली आहेस, म्हणून जरा सविस्तर सांगते. हायड्रॉलिक डिस्क उत्तम, यात वाद नाही. एका बोटाने सायकल थांबते. पण त्यात तेल असतं आणि हवा शिरली की ते तेल काढून पुन्हा भरावं लागतं. शिमानोच्या ब्रेकला खनिज तेल लागतं, तर काही कंपन्यांच्या ब्रेकला मोटारीत असतं ते डॉट जातीचं. गाडीच्या गॅरेजमध्ये नेलंस आणि कोणी मायेने खनिज तेलाच्या ब्रेकमध्ये डॉट घातलं, की आतले रबरी सील फुगतात आणि ब्रेक कामातून जातो. म्हणून तुझ्यासाठी तारेवर चालणारी डिस्क, १६० मिलिमीटरच्या चकतीची. तार तुटली तर आपला मिस्त्री दहा मिनिटांत नवी घालतो. रिमवर घासणारे साधे ब्रेकही चालले असते, पण चिखलातली रेती ब्रेक रबराला चिकटते आणि रिम खाते.

गिअर किती, हा प्रश्न सोड. एकवीस गिअर म्हणजे सायकल भारी, असं नाही. पुढे एकच ३२ दातांची चकती आणि मागे ११ ते ३४ दातांची आठ गिअरची कॅसेट, एवढं तुला पुरून उरेल. हिशेब सांगते. मिनिटाला सत्तर वेळा पायडल फिरवलंस तर सगळ्यात जड गिअरवर ताशी २६ किलोमीटर पडतात आणि सगळ्यात हलक्यावर साडेआठ. आपल्या सपाट रस्त्याला आणि मुरमाच्या चढाला याहून जास्त काय हवं? पुढचा गिअर बदलणारा एक अख्खा भाग कमी, म्हणजे चिखल अडकायची एक जागा कमी.

पण मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट, हे जरूर विचार. फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसतं आणि त्यात उजव्या बाजूचे छर्रे आत राहतात, त्यामुळे खड्ड्यात एक्सल वाकतो. कॅसेटच्या हबमध्ये छर्रे पार कडेला असतात, एक्सल टिकतो. शिमानोच्या गिअरच्या मालिकांत टूर्नी सगळ्यात खालची, मग अल्टस, एसेरा, अलिव्हिओ, त्यावर डिओर. २०२३ पासून क्यूज नावाची नवी मालिकाही आली आहे. तू अल्टस किंवा एसेरावर थांब. आठ गिअरची साखळी स्वस्त मिळते आणि सहा-सात गिअरच्या सायकलींनाही तीच चालते, म्हणून ती सापडण्याची शक्यता जास्त.

साखळी कधी बदलायची ते पट्टीने कळतं. नव्या साखळीत एका पिनेपासून चोवीस जोड मोजले की बरोबर बारा इंच भरतात. तेच अंतर एक सोळांश इंचाने वाढलं की साखळी बदल. कंटाळा केलास तर ती कॅसेटचे दातही खाते आणि खर्च कितीतरी पट होतो. मागचा गिअर ज्या लहानशा अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो, तो मुद्दाम मऊ केलेला असतो, म्हणजे आपटल्यावर तो वाकतो आणि फ्रेम वाचते. प्रत्येक फ्रेमला तो वेगळा लागतो. सायकल घेतानाच एक जास्तीचा मागून घे आणि सीटखालच्या पिशवीत टाक.

सस्पेन्शनबद्दल माझं मत ठाम आहे. स्वस्त सस्पेन्शनचा चिमटा अडीच किलोच्या वर भरतो, दोन पावसाळ्यांत गंजतो आणि मग नुसता जड दांडा उरतो. बजेट कमी असेल तर ताठ चिमटा घे आणि वाचलेले पैसे टायरमध्ये घाल. आणि हो, गाड्या धुण्याच्या जोरदार पाइपखाली सायकल कधी धरू नकोस. ते पाणी हबमध्ये शिरून ग्रीस धुऊन काढतं. बादली, फडकं आणि जुना ब्रश पुरे. पावसाळा संपला की हब उघडून नवं ग्रीस भरून घे आणि चाकांचा आउट काढून घे.

आता तुझ्या मीटरकडे येऊ. जीपीएसचं मीटर घेतेस, घे. पण हबवर बसणारा स्पीड सेन्सरही घे. पावसाळ्यात सागाची पानं दाटली की उपग्रहाचा सिग्नल डळमळतो आणि वळणावळणाच्या वाटेचं अंतर कमी भरतं. चाक मात्र खोटं बोलत नाही. पैसे कमी असतील तर तारेचं, चुंबकाचं साधं मीटरही वर्षानुवर्षं चालतं.

मीटर बिघडलं की लगेच सेन्सर गेला असं धरून नवा मागवू नकोस. आधी सेल बघ. बहुतेक सेन्सरांत सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल असतो. नव्याचा दाब ३ व्होल्टच्या वर दाखवतो, २.८ च्या खाली गेला तर बदल. घड्याळाच्या दुकानात मिळतो. सेलची टोकं कोरड्या कापडाने पूस आणि झाकणातली रबरी कडी जागेवर बसली का ते बघ, कारण पाणी तिथूनच शिरतं. मग चाक फिरव. हे सेन्सर झोपतात आणि चाक फिरल्याशिवाय जागे होत नाहीत. उभ्या सायकलवर मीटर शोधत बसलं की काहीच सापडत नाही.

चुंबकाचं मीटर असेल तर चुंबक आणि सेन्सरमधलं अंतर ३ ते ५ मिलिमीटर ठेव. चिखलाच्या गोळ्याने चुंबक चाकाच्या आऱ्यावरून सरकतो, मग तो सेन्सरवरच्या खुणेसमोरून जात नाही. तरी आकडा आला नाही, तर मीटर खाचेतून काढ आणि त्याच्या पाठीवरच्या दोन धातूच्या ठिपक्यांना चावीने एकदम टेकव, सोड, परत टेकव. आकडा हलला तर मीटर ठणठणीत आहे, दोष तारेत किंवा सेन्सरमध्ये. नाही हलला तर मीटरच गेलं. चंद्रपूरची खेप वाचते ती अशी.

आकडा येतो पण चुकीचा येतो, तेव्हा चाकाचा घेर तपास. २७.५ गुणिले २.१ च्या टायरचा घेर २१४८ मिलिमीटरच्या जवळपास असतो, २९ चा २२८८. मीटरमध्ये चुकून २९ निवडलंस तर दहा किलोमीटरचे दहा किलोमीटर साडेसहाशे मीटर होतात. सगळ्यात खरी पद्धत साधी आहे: व्हॉल्व्ह बरोबर खाली आण, जमिनीवर खडूने खूण कर, सायकलवर बसून चाकाचा एक पूर्ण फेरा होईल इतकी पुढे जा, पुन्हा खूण कर आणि टेपने मोज. बसूनच मोज, कारण तुझ्या वजनाने टायर दबतं.

सेन्सर फोनला दिसतो आणि मीटरला दिसत नाही, तेव्हा बहुधा फोननेच तो धरून ठेवलेला असतो. ब्लूटूथवर अनेक सेन्सर एका वेळी एकाशीच बोलतात. फोनचं ब्लूटूथ बंद कर आणि मीटर पुन्हा जोड, किंवा अँट प्लसवर जोड, तिथे एकाच सेन्सरचं कितीही यंत्रांना ऐकू येतं. जुन्या धाटणीच्या बिनतारी मीटरवर मध्येच ताशी नव्वदचा आकडा उसळला तर हँडलवरचा एलईडी दिवा मीटरपासून लांब सरकव. हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा उलटसुलट आकडे दाखवत असेल तर त्याच्या पट्ट्या पाण्याने ओल्या कर. उंची चुकत असेल तर मीटरच्या पाठीवरचं बारीक छिद्र चिखलाने बुजलं आहे का बघ, पण त्यात सुई घालू नकोस, कोमट पाण्याने धू.

उन्हात उभ्या सायकलवर पडदा काळा पडला तर घाबरू नकोस, सावलीत परत येतो. गरम असताना चार्जिंगला मात्र लावू नकोस. आणि डासांचं मलम हाताला चोळून मीटरला हात लावू नकोस. आपल्याकडे मलेरियामुळे ते मलम लागतंच, पण त्यातल्या डीट या रसायनाने प्लॅस्टिक खराब होतं.

शेवटचं, आणि यात मी सूट देणार नाही. कोठारी, धाबा, कन्हारगावचं अभयारण्य हा सगळा वाघाचा पट्टा आहे. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे जंगलात गेलेल्या माणसांवर हल्ले होतात, हे तू लहानपणापासून ऐकतेस. पहाटे आणि तिन्हीसांजेला जंगलातून जायचं नाही, एकटीने तर नाहीच. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. आष्टीकडून आलापल्लीला जाणाऱ्या रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक असतात, तिथे मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेव.

तर बाई, पैशांची वाटणी अशी कर: आधी मापाची फ्रेम, मग टायर, ब्रेक आणि चाकं, मग गिअर. हेल्मेट, पंप, दोन ट्यूब आणि साखळी जोडायचं हत्यार यांचे पैसे वेगळे काढून ठेव. एवढं झाल्यावर उरलं तर मीटर आत्ता घे, नाही उरलं तर दिवाळीला घे. आणि सायकल घरी आली की पंक्चर काढायला आणि ब्रेकची तार बदलायला आपल्या मिस्त्रीकडे बसून शिक. तो आनंदाने शिकवेल, आणि धाब्याच्या रस्त्यावर तुला कुणाची वाट बघावी लागणार नाही.