तारीख कशाची?

मागच्या सप्टेंबरमध्ये माझ्यामुळे आमच्या हाउसमधल्या एका मित्राची रविवारची आउटिंग गेली. दोन ओळी लिहायचा मी कंटाळा केला होता.

आमच्या संगणक क्लबने ग्रंथालयाच्या देवघेवीच्या नोंदी एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये भरल्या आहेत. त्याला एआय एजंट जोडण्याचे काम माझ्याकडे होते. साध्या भाषेत प्रश्न विचारला की एजंट आपण दिलेल्या टूलपैकी एक निवडतो, डेटाबेसकडून माहिती मागवतो आणि उत्तर देतो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अँथ्रोपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला. आम्ही तीच पद्धत वापरली. तिच्यात टूलबद्दल एजंटच्या समोर येते ते एवढेच: नाव, वर्णन आणि टूलला कोणती माहिती द्यायची याचा आराखडा. आतला कोड तो पाहत नाही, आणि ग्रंथालयाच्या दारावरची नियमांची पाटी तर नाहीच नाही.

माझ्या टूलचे नाव होते ‘गेट डेटा’. वर्णन: ‘डेटाबेसवर क्वेरी चालवते.’ तक्त्यातल्या एका रकान्याचे नाव नुसते ‘डेट’.

१२ सप्टेंबरला ग्रंथपाल मॅडमनी विचारले, “कोणाकोणाची पुस्तके थकली आहेत?” एजंटने क्षणात यादी दिली आणि ती संध्याकाळच्या फॉल-इनला वाचली गेली. माझ्या मित्राने पुस्तक नेले होते १० तारखेला. मुदत १४ दिवसांची. तरीही यादीत ‘दोन दिवस उशीर’! ‘डेट’ ही पुस्तक नेल्याची तारीख होती, एजंटने ती परत करण्याची समजली. त्याला दोष कसा द्यायचा? मी कुठेच लिहिले नव्हते.

गंमत पुढेच आहे. २० ऑगस्टला पुस्तक नेलेले एक सीनियर खरोखर थकबाकीदार होते, पण यादीत त्यांचे नावच नव्हते. एसक्यूलाइटमध्ये तारखेसाठी वेगळा प्रकार नसतो. आम्ही तारखा मजकूर म्हणून, दिवस आधी अशा लिहिल्या होत्या. मजकुराची तुलना डावीकडून एकेका अक्षराने होते. ‘२०-०८-२०२५’ आणि ‘१२-०९-२०२५’ यांत पहिलेच अक्षर २ आणि १. म्हणून ऑगस्टची तारीख सप्टेंबरच्या पुढची ठरली. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिले असते तर हा घोळ झालाच नसता. आयएसओ ८६०१ या मानकात हाच क्रम आहे. नकाशावाचनात आपण ग्रिड संदर्भ देताना ईस्टिंग आधी, नॉर्दिंग नंतर वाचतो. क्रम चुकला तर तुकडी भलत्याच टेकडीवर पोहोचते. तसेच हे.

मग मी सगळे पुन्हा लिहिले. रकान्याचे नाव ‘नेल्याची तारीख’ केले, तारखा नव्या क्रमात बदलल्या, आणि टूलचे नाव ठेवले ‘थकीत पुस्तके शोधा’. वर्णन असे:

‘आज ज्यांची मुदत संपली आहे अशी न परतलेली पुस्तके देते. मुदत म्हणजे नेल्याच्या तारखेपासून १४ दिवस. परत केल्याची तारीख नल असेल तर पुस्तक अजून कॅडेटकडे आहे. एका वेळी जास्तीत जास्त ५० नोंदी मिळतात. आणखी असतील तर उत्तरात तसे सांगितले जाते. रोल नंबर चुकीचा असेल तर रिकामी यादी न देता त्रुटीचा संदेश येतो. एखाद्या कॅडेटच्या सर्व पुस्तकांसाठी हे टूल वापरू नये; त्यासाठी ‘कॅडेटची पुस्तके’ हे टूल आहे.’

यातले रिकाम्या यादीचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. आधी कुणी रोल नंबर चुकवला की टूल काहीच देत नसे आणि एजंट बिनधास्त सांगे, “या कॅडेटकडे एकही पुस्तक नाही.”

नोंदी पुसल्या जाऊ नयेत यासाठी मात्र मी वर्णनावर विसंबलो नाही. डेटाबेस फक्त वाचण्यापुरताच उघडला. एजंटने सूचना पाळली नाही तरी त्याला काही पुसता येत नाही.

तपासणीसाठी एक युक्ती केली. सातवीतल्या एका ज्युनियरला नुसते वर्णन आणि दहा नोंदी दिल्या व थकीत पुस्तके शोधायला सांगितली. त्याने विचारले, “चौदाव्या दिवशी पुस्तक थकीत धरायचे की पंधराव्या?” पंधराव्या. हेही लिहिले नव्हते.

शेवटी तो कागद मॅडमना दाखवला. त्या म्हणाल्या, “अरे, दिवाळीच्या सुट्टीचे दिवस मुदतीत मोजत नाहीत.” हा नियम मला ठाऊकच नव्हता. वर्णनात आणखी एक ओळ घातली, कोडमध्येही सुट्टीचे दिवस वगळले. मित्राला त्या रविवारच्या बदल्यात कँटीनमध्ये दोन समोसे दिले. त्याच्या मते हिशेब अजून पूर्ण झालेला नाही.