रात्र मोजणारी झाडं

इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात झाडांवरचा लेख बघून काहीजण पान उलटतील, याची मला कल्पना आहे. बायोलॉजी सोडली म्हणून तर इकडे आलो, असंही कुणी म्हणेल. पण हा लेख खरं तर एका टायमरबद्दल आहे. त्याला बॅटरी लागत नाही, क्रिस्टल लागत नाही, आणि तो आपल्या ८०५१ च्या कितीतरी कोटी वर्षं आधीपासून चालू आहे. शिवाय तुमच्या-माझ्या ताटातली पोळी काही अंशी त्या टायमरवर अवलंबून आहे. तेव्हा पाच-सात मिनिटं थांबा.

प्रश्न काय आहे?

समजा व्हायव्हाला सरांनी विचारलं, "असं यंत्र डिझाइन करा, की जे एका जागी रोवलेलं असेल, त्याला हलता येणार नाही, आणि वर्षातल्या ठरावीक आठवड्यातच ते एक काम सुरू करेल." तुम्ही इनपुट कोणता घ्याल? तापमान घेतलं तर एखादा अवेळी गार आठवडा फसवेल. पावसाचं तर विचारूच नका. दरवर्षी त्याच तारखेला तेवढाच येणारा, न चुकणारा सिग्नल एकच, तो म्हणजे दिवस-रात्रीची लांबी.

फुलायचं केव्हा हे ठरवताना पुष्कळ वनस्पती नेमका हाच इनपुट घेतात. याला फोटोपीरियॉडिझम म्हणतात. आता पुण्याचं उदाहरण घ्या. जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, डिसेंबरमधला सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा. म्हणजे वर्षभरात फरक फक्त सव्वादोन तासांचा, आणि दिवसागणिक बदल जास्तीत जास्त एखाद्या मिनिटाचा. एवढा बारीक फरक आपल्याकडच्या पिकांना ओळखावा लागतो.

तंबाखूचं कोडं

हे कळलं कसं, ती गोष्ट मजेशीर आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अलार्ड हे दोन शास्त्रज्ञ वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टनच्या शेतावर काम करत होते. त्यांच्याकडे 'मेरीलँड मॅमथ' नावाची तंबाखूची जात होती. उन्हाळाभर ती नुसतीच वाढायची. दहा फुटांच्या पुढे जायची, पण फूल म्हणून यायचं नाही. तीच जात हिवाळ्यात काचगृहात लावली की लहानपणीच फुलायची. दुसरं कोडं सोयाबीनचं. 'बिलॉक्सी' ही जात त्यांनी मे ते जुलै दरम्यान थोड्या थोड्या दिवसांनी पेरली. पेरणीत दोन महिन्यांचं अंतर, तरी सगळी रोपं फुलली सप्टेंबरातच! म्हणजे झाड स्वतःचं वय मोजत नव्हतं, कॅलेंडर बघत होतं.

तापमान, खत, पाणी असे एकेक व्हेरिएबल बाद करत ते शेवटी दिवसाच्या लांबीवर आले. १९१८ च्या जुलैमध्ये त्यांनी काही कुंड्या रोज दुपारी ४ वाजता अंधाऱ्या खोपट्यात ठेवल्या आणि सकाळी ९ ला बाहेर काढल्या. ऐन उन्हाळ्यात त्या कुंड्यांतली तंबाखू फुलली, बाहेरची तशीच वाढत राहिली. १९२० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. एक खोपटं आणि एक घड्याळ, एवढीच सामग्री. प्रोजेक्टसाठी बजेट नाही म्हणणाऱ्यांनी (त्यात मीही आलो) हे लक्षात ठेवावं.

यावरून वनस्पतींचे ढोबळ गट पडले. दिवस लहान झाल्यावर फुलणाऱ्या: शेवंती, सोयाबीन, भात. दिवस मोठा झाल्यावर फुलणाऱ्या: गहू, पालक. आणि ज्यांना फारसा फरक पडत नाही अशा: टोमॅटो, सूर्यफुलाच्या बऱ्याच जाती.

मोजमाप दिवसाचं की रात्रीचं?

इथे एक ट्विस्ट आहे. १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी शंकेश्वर या तणावर प्रयोग केले. (माळावरून फिरताना पँटला चिकटणारी काटेरी बोंडं याचीच. काही भागात याला गोखरूही म्हणतात.) याला फुलण्यासाठी सलग साडेआठ तासांपेक्षा थोडा जास्त अंधार लागतो. त्यांनी दिवसाच्या मध्ये थोडा वेळ अंधार केला, काहीच फरक नाही. मग रात्रीच्या मध्यावर काही मिनिटं दिवा लावला. फुलणं बंद!

थोडक्यात काय, तर झाड दिवस मोजत नाही, सलग रात्र मोजतं. मध्ये उजेड आला, की त्याच्या हिशेबी ती एक मोठी रात्र उरत नाही. 'लहान दिवसाची झाडं' हे नाव रूढ झालं खरं, पण त्यांना 'मोठ्या रात्रीची झाडं' म्हणायला हवं होतं.

सेन्सर सापडला

मग हा उजेड ओळखतं कोण? हे शोधण्याचं काम मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलच्या केंद्रात झालं. १९५२ साली बॉर्थविक, हेन्ड्रिक्स आणि सहकाऱ्यांनी सॅलडच्या पाल्याचं, म्हणजे लेट्यूसचं बी घेतलं. त्यावर तांबडा प्रकाश टाकला की बी रुजायचं. त्यानंतर फार-रेड, म्हणजे आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा तांबड्यापलीकडचा प्रकाश टाकला की रुजणं रद्द. पुन्हा तांबडा, पुन्हा चालू. कितीही वेळा आलटून पालटून करा, शेवटचा झोत कोणता होता यावर निकाल. डिजिटलवाल्यांनी ओळखलं असेल, हा तर सरळ सरळ फ्लिप-फ्लॉप झाला!

या स्विचचं नाव फायटोक्रोम. हे एक प्रथिन आहे आणि त्याची दोन रूपं आहेत. एक रूप ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा प्रकाश शोषून दुसऱ्या रूपात जातं. दुसरं ७३० नॅनोमीटरच्या आसपासचा फार-रेड शोषून परत पहिल्यात येतं. १९५९ साली ते प्रत्यक्ष मोजलं गेलं. ज्या उपकरणाने ते मोजलं, ते उभं करणाऱ्यांत कार्ल नॉरिस होते आणि ते व्यवसायाने कृषी अभियंता होते. अंड्यांचा दर्जा प्रकाशाने तपासण्याच्या कामातून त्यांचा हात या उपकरणांवर बसला होता. वनस्पतिशास्त्रातल्या एका मोठ्या शोधात इन्स्ट्रुमेंटेशनचा असा वाटा आहे, हे मला वाचताना फार बरं वाटलं.

याच स्विचवरून झाडाला शेजाऱ्याची चाहूलही लागते. हिरवं पान तांबडा प्रकाश खाऊन टाकतं आणि फार-रेड खाली सोडतं. त्यामुळे दाटीत फार-रेडचं प्रमाण वाढतं आणि रोप उंच, किडकिडीत होऊन वर डोकं काढायची धडपड करतं. दाट पेरलेलं पीक लोळतं त्यामागे हेही एक कारण असतं.

घड्याळ आणि निरोप

नुसता स्विच असून भागत नाही, टायमरही हवा. १७२९ साली फ्रान्समध्ये द मेराँ यांनी लाजाळूसारखं एक झाड कायम अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं वेळेवर उघडत-मिटत राहिली. म्हणजे घड्याळ आतलंच. १९३६ मध्ये ब्यूनिंग यांनी मांडलं, की झाड रात्र मोजतं ते याच सुमारे २४ तासांच्या आतल्या लयीवर. प्रकाश कुठल्या घटकेला पडला याला महत्त्व. पुढे सोयाबीनवरच्या प्रयोगांत दिसलं, की ८ तास प्रकाशानंतर अंधार वाढवत नेला, तर एकूण चक्र २४, ४८, ७२ तासांचं असताना फुलं भरपूर येतात आणि ३६ किंवा ६० तासांचं असताना फार कमी. वाळूचं घड्याळ असतं, तर असं झालं नसतं. हा ऑसिलेटरच आहे, आणि बाहेर गार असो की गरम, त्याची गती फारशी बदलत नाही. क्रिस्टलचा टेंपरेचर ड्रिफ्ट सोडवून थकलेल्यांना याची किंमत कळेल.

रात्र मोजतात पानं, पण फुलायचं असतं शेंड्याला. म्हणजे मध्ये निरोप्या हवा. सोव्हिएत शास्त्रज्ञ चायलाख्यान यांनी १९३० च्या दशकातच त्याला 'फ्लोरिजेन' असं नाव देऊन ठेवलं. पण तो हाती लागायला सत्तर वर्षं गेली. २००७ मध्ये भातावर आणि अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या तणावर काम करणाऱ्या गटांनी दाखवलं, की पानात तयार होणारं एक छोटं प्रथिन अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांतून शेंड्यापर्यंत जातं आणि तिथे फुलाचा हुकूम देतं.

याचा शेताशी काय संबंध?

संबंध थेट पैशाशी आहे. शेवंतीच्या पॉलीहाऊसमध्ये मध्यरात्री तीन-चार तास दिवे लावतात ते चोरांसाठी नव्हे. फुलणं लांबवून दांडा उंच होऊ द्यायचा, मग दिवे बंद करून किंवा काळं कापड ओढून रात्र मोठी करायची, आणि फूल नेमकं बाजाराच्या तारखेला काढायचं. व्हिएतनाममध्ये ड्रॅगनफ्रूटच्या बागांत हिवाळ्यात रात्री बल्ब पेटवतात ते उलट कारणासाठी. त्याला लहान रात्र आवडते, म्हणून उजेड दिला की तो फुलतो.

ऊस बघा. ऑगस्टअखेर-सप्टेंबरात दिवस साधारण साडेबारा तासांवर येतो तेव्हा काही जातींच्या शेंड्यात तुऱ्याचा निर्णय होतो. तुरा दिसतो दोन-तीन महिन्यांनी. एकदा तुरा आला की उसाची वाढ थांबते. असा ऊस तोडीविना शेतात बराच काळ उभा राहिला, तर पांगशा फुटतात, दशी पडते, वजन घटतं. तोडणीची पाळी लांबली की शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो, त्यामागे हे गणित आहे.

आणि आता पोळीची गोष्ट. नॉर्मन बोरलॉग मेक्सिकोत वर्षाला गव्हाची दोन पिकं घेऊ लागले. हिवाळ्यात समुद्रसपाटीजवळच्या सोनोरात, उन्हाळ्यात २६०० मीटर उंचीवरच्या टोलुकाजवळ. हेतू फक्त वेळ वाचवण्याचा होता. पण दोन्हीकडे दिवसाची लांबी वेगळी, त्यामुळे तिच्यावर अडून बसणारी रोपं आपोआप गळाली. उरला तो दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा न करणारा गहू. त्यात जपानी 'नोरिन १०' चा बुटकेपणा आला. म्हणूनच मेक्सिकोत तयार झालेला गहू हजारो मैलांवर भारतात चालला. १९६६ मध्ये आपण १८,००० टन बियाणं आणलं. १९६५ च्या सुमारास १२० लाख टनांच्या घरात असलेलं गव्हाचं उत्पादन १९७० पर्यंत २०० लाख टनांवर गेलं. त्या काळात आपण अमेरिकेच्या गव्हावर जगत होतो, हे घरातल्या आजी-आजोबांना विचारा. त्या बदलात खत, पाणी, भाव, शास्त्रज्ञ, शेतकरी या सगळ्यांचा हात होता. पण आतलं घड्याळ आडवं आलं असतं, तर बाकी सगळं असूनही जमलं नसतं.

मग आपलं काय काम?

लेख इथेच संपवता आला असता, पण एक गोष्ट आपल्याच पदरात पडते. सिव्हिलवाले रस्ते बांधणार, इलेक्ट्रिकलवाले दिवे उभे करणार. दुपारचं ऊन लाखभर लक्स असतं, पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास, आणि रस्त्याच्या दिव्याखाली साधारण १० ते ३० लक्स. आपल्याला हा प्रकाश किरकोळ वाटतो, पण फायटोक्रोमला पुरेसा आहे. न्यूयॉर्कमध्ये रस्त्याच्या दिव्यांजवळच्या झाडांची पानगळ लांबते, अशी नोंद १९३६ सालची आहे. दिव्यांच्या पट्ट्यातलं सोयाबीन पिकायच्या वेळीही हिरवंगार राहतं, हेही अमेरिकेत दिसून आलं आहे. मराठवाडा-विदर्भात रस्त्याला लागून सोयाबीनचीच शेतं आहेत. ज्याचं रान दिव्याखाली येईल, त्याची शेंग वेळेवर भरणार नाही, आणि चूक बियाण्याची की खताची याचाच शोध तो घेत बसेल.

उपाय अवघड नाही. दिव्याला शेताच्या बाजूने आडोसा द्यायचा, झोत रस्त्यावरच पडेल असा कोन ठेवायचा, गरज नाही तिथे खांब टाळायचा. फक्त ड्रॉइंग काढताना रस्त्याच्या कडेला 'मोकळी जागा' असं लिहिलेलं असतं, तिथे पीक आहे हे आठवायला हवं.

ज्यांना पटत नसेल त्यांनी एका सेमिस्टरमध्ये करून बघावं. ऑक्टोबरच्या आधी नर्सरीतून कळ्या न आलेल्या शेवंतीच्या दोन सारख्या कुंड्या आणा. एक रात्री खरोखर अंधार असेल अशा जागी ठेवा, दुसरी रात्रभर ट्यूबलाइट चालू असणाऱ्या हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये. दिवसा दोन्हींना सारखं ऊन आणि सारखं पाणी द्या. रोज नोंद ठेवा. सबमिशनच्या सुमारास कुठली फुलते ते मला येऊन सांगा.